पाल्याखालचे कोयते

दत्तू,

परवा रामकुंडावर तुझा दहावा झाला. पिंड ठेवून आम्ही मागे सरतोय न सरतोय तोच कावळा शिवला. तुझ्या सुनंदाच्या मामांनी लगेच हात जोडले. "सुटला बघा तुमचा भाऊ. काही इच्छा मागे नाही ठेवली." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. दुसरं काय करणार? चार माणसांत उभं राहून सांगणार होते का, की या माणसाची एकच इच्छा होती आणि ती मीच अडवून ठेवली म्हणून? कावळ्याला काय कळतंय रे. भूक लागली असेल मेल्याला.

घरी आल्यावर सुनंदानं तुझा युनिफॉर्म घडी करून कपाटात ठेवला. एकतीस वर्षं खाकी घातलीस तू. मला मात्र तू कधी पोलीस वाटलाच नाहीस. माझ्या गिरणीत येऊन पिठाच्या डब्यावर बसणारा, माझ्याशी हुज्जत घालणारा आणि जाताना "आक्का, चहा फार पांचट होता" म्हणणारा माझा धाकटा भाऊ, एवढाच तू. पंचवटीतल्या निम्म्या बायकांना माहीत होतं, की दुपारी चारला गिरणीवर दळण न्यायला गेलं की बहीणभावाचं भांडण फुकट ऐकायला मिळतं.

गेली दोन वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडत होतो. हत्यार घेऊन सरकारच्या दारात जातो तो माणूस दहशतवादी की नाही? मी म्हणायचे, आहे. तू म्हणायचास, नाही. आणि बोटं गेली होती तुझी! मी दहाही बोटं शाबूत असलेली बाई तावातावानं बोलत होते आणि तू तो तीन बोटांचा उजवा हात मांडीवर ठेवून शांतपणे मला नाही म्हणत होतास. अजून राग येतो मला त्या शांतपणाचा.

तो दिवस मी पाहिला नाही, पण तू इतक्यांदा सांगितलास की डोळ्यांपुढं उभा राहतो. पेठच्या पलीकडं, डोंगरातल्या गावात धरणाच्या सर्वेचं पत्र्याचं तात्पुरतं ऑफिस. धरण झालं तर चार पाडे पाण्याखाली जाणार, म्हणून त्या पाड्यांवरची माणसं मोर्चा घेऊन आलेली. बायका, म्हातारी माणसं, कडेवर पोरं. आणि प्रत्येक गड्याच्या कंबरेला मागं लाकडी आकडी, आकडीत कोयता. ते तर त्यांचं रोजचंच. सकाळी उठून कंबरेला दोरी बांधली की कोयता अडकवायचा, तो झोपतानाच काढायचा. तुम्ही बंदोबस्ताला वीस-बावीस जण. समोर शंभरेक कोयते. तुझे साहेब म्हणे घामानं भिजले होते.

मग त्यांचा म्हातारा पुढारी, चिंतामणबाबा, तुझ्यापाशी आला. तू सगळ्यात वयस्कर दिसलास म्हणून असेल. म्हणाला, "हवालदारसाहेब, दुसऱ्याच्या दारात कोयता लावून जायाची रीत नाय आमची. हितं झाडाखाली ठेवतो. जाताना नेऊ." आणि एकेकानं कंबरेचा कोयता काढून मोहाच्या झाडाखाली ठेवला. ढीग झाला. मग ही माणसं मोकळ्या हातांनी ऑफिससमोर जाऊन बसली, दोन तास बसली, घोषणा दिल्या. ऑफिसातला साहेब काही बाहेर आला नाही. दुपारी कुणीतरी दगड मारला. कुणी मारला ते देवाला ठाऊक. लाठीमार सुरू झाला. देवराम नावाचा एक गडी पळत झाडाकडं गेला, ढिगातला कोयता उचलला आणि तू मधे होतास.

फिर्याद तुझ्याच नावावर आहे. हॉस्पिटलात, भूल पुरती उतरली नव्हती तेव्हा, तुझ्या साहेबांनी लिहून आणली आणि तुझ्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, कारण उजवा हात बँडेजमध्ये होता. त्या कागदात लिहिलंय की आंदोलकांनी आदल्या दिवसापासून कट करून झाडाखाली पाल्याआड शस्त्रसाठा लपवून ठेवला होता. त्या एका ओळीवर तेरा माणसं आत गेली. साध्या मारामारीच्या कलमानं नाही, दहशतवादाच्या कायद्यानं. ज्यात जामीन म्हणजे स्वप्नच.

मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं, दत्तू. खोटं कशाला बोलू? हॉस्पिटलच्या गेटवर एका चॅनलवाल्यानं मला गाठलं. माझ्या हातात तुझा पेजेचा डबा होता, डोळे सुजलेले होते. त्यानं माईक पुढं केला आणि मी सुटले. "हे आंदोलक नाहीत, दहशतवादी आहेत. सरकारवर कोयता उगारतात. यांना जामीन कसला देता, फासावर द्या!" गावभर फिरली ती क्लिप. पिंपळगावहून माझ्या जावेचा फोन आला, वा वहिनी, काय बोललात म्हणून. गिरणीवरच्या बायका मला रांगेत पुढं सोडायला लागल्या, माझ्याच गिरणीत! तू मात्र पलंगावर पडल्या पडल्या डाव्या हातानं फोन धरून ती क्लिप दोनदा पाहिलीस आणि म्हणालास, "साडी चांगली होती."

तेव्हाच मला कळायला हवं होतं.

हात बरा झाल्यावर तू गिरणीवर यायला लागलास आणि आपलं सुरू झालं. मी म्हणायचे, "हत्यार ते हत्यार. शंभर माणसं कोयते घेऊन माझ्या दारात आली तर मी काय त्यांच्या कंबरेच्या रीतीभाती विचारत बसू? मी दार लावून घेईन आणि पोलिसांना फोन करीन. म्हणजे तुला."

"कर ना," तू म्हणायचास. "मी येईन. त्यांना सांगेन कोयते खाली ठेवा. ते ठेवतील. पुढं?"

"एकानं उचलला ना पण!"

"उचलला. आणि माझ्यावरच उचलला, चुकून नाही. मी डोळे पाहिलेत त्याचे. त्याला धर, दहा वर्षं आत टाक, मी टाळी वाजवीन. येईल तशी वाजवीन. पण बाकीचे बारा? अतिरेकी दारात चपला काढाव्या तसं हत्यार काढून आत जातो का गं?"

"तुला भीती नाही वाटली?"

"लय वाटली. पण मला भीती वाटली म्हणून समोरचा दहशतवादी होतो का? भीती तर मला तुझीही वाटते."

रांगेतल्या बायका हसल्या. मी नाही हसले. मी म्हटलं, तू पोलीस आहेस, तू असं बोलायला लागलास तर उद्या कुणीही उठेल, कोयता घेईल. हे मी अजूनही म्हणते बरं का. तू गेलास म्हणून तुझं सगळंच खरं, असं मी काही लिहिणार नाही. सरकारपुढं जाताना हातात हत्यार नकोच. त्या माणसांनी ते घरीच ठेवून यायला हवं होतं. तू यावर म्हणायचास, "त्यांना तू टोपी घरी ठेव म्हण, ठेवतील. कोयता नसला म्हणजे त्यांना उघडं फिरल्यासारखं वाटतं." असेल बाबा. पण तुझी बोटं परत येत नाहीत ना त्यानं.

आणि मग तू माझ्या दिरांवर घसरलास. कांद्याच्या आंदोलनात ते पिंपळगावला हायवेवर टायर जाळत होते, तेव्हा बंदोबस्ताला तूच होतास. म्हणालास, "तुझ्या धाकट्या दिराच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. मला पाहून पाठीमागं लपवला आणि म्हणाला, पाव्हणे, चहा घेता का? त्यांच्यावर काय कलम लावायचं, सांग."

"ते शेतकरी आहेत!"

"आणि हे कोण आहेत?"

मी गिरणीचं बटण दाबलं. दळायला धान्य नव्हतं, तरी दाबलं. त्या आवाजात तू काहीतरी बोलत होतास आणि मी कानाला हात लावून "ऐकू येत नाही" म्हणत होते. आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी तूच आलास, पाव किलो चिवडा घेऊन. आपलं भांडण मिटवणं तुझ्याकडंच असायचं, लहानपणापासून. मी मोठी असून कधी पुढाकार घेतला नाही.

त्याच दिवशी तू ते सांगितलंस. चिवडा खाता खाता, माझ्याकडं न बघता. "आक्का, तो पाला मीच टाकायला लावला."

मला आधी कळलंच नाही. "कोणता पाला?"

"कोयत्यांवरचा. पोरं खेळत होती तिथं, उघड्या पायांची. एक तर अगदी ढिगापाशी रांगत गेलं. मी चिंतामणबाबांना ओरडलो, अहो झाका ते, पोरांचे पाय कापतील. त्यांनी सागाची पानं तोडून आणली आणि सगळा ढीग नीट झाकला. मी उभा होतो तिथं. बोट दाखवत होतो, इकडं टाका, तिकडं टाका. आणि कागदात काय आलं, तर पाल्याआड लपवलेला साठा. लपवला म्हणजे कट. कट म्हणजे दहशतवाद. तेरा माणसं माझ्या सांगण्यावरून झाकलेल्या कोयत्यांसाठी आत बसलीत. आणि हे मी सोडून कुणी सांगू शकत नाही. चिंतामणबाबांनी सांगितलं तर आरोपीचं कोण ऐकतंय?"

तू कोर्टात सांगायचं ठरवलं होतंस. फिर्यादी म्हणून तुझी साक्ष व्हायचीच होती. "सरळ सांगणार. कोयता देवरामनं मारला, हे खरं. बाकी कागद मी शुद्धीवर नसताना झाला, हेही खरं."

मी तुला काय काय नाही म्हटलं! वेडा आहेस का, फिर्यादीच उलटला म्हणतील, खात्याची चौकशी लागेल, रिटायरमेंटला चार महिने राहिलेत, तोंड दाबून काढ की. नंतर बोल, नंतर हवं ते बोल, तुला कुणी धरलंय? तू ऐकून घेतलंस. तुझी ती सवयच वाईट, ऐकून घ्यायची. आम्हांला वाटायचं, पटलं.

साक्षीच्या दिवशी सकाळी मी गिरणीत खाली बसले. घेरी आली म्हणून. दत्तू, घेरीबिरी काही नव्हती. तुझ्या दाजींनी तुला फोन केला, तू इस्त्रीच्या शर्टात धावत आलास आणि मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलंस. मी डोळे मिटून कण्हत होते. मधे एकदा डोळे किलकिले करून घड्याळ पाहिलं. साडेअकरा. कोर्टात तुझं नाव पुकारलं असेल, तू नाहीस, पुढची तारीख पडली असेल. माझा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी बीपी घेतलं. तू बाकड्यावर माझ्या शेजारी बसून केळं सोललंस, अर्धं मला दिलंस आणि म्हणालास, "एकशे वीस, ऐंशी. माझ्यापेक्षा चांगलंय तुझं." बास. रागावला नाहीस. ओरडला नाहीस. मला मिसळ खायला घेऊन गेलास. मी जास्तीचा रस्सा मागितला, तर तू हसलास, "घेरी उतरलेली दिसतेय." मीही हसले. निर्लज्जासारखी हसले. त्या वेळी तू मला दोन शिव्या घातल्या असत्यास तर आज मला निदान काहीतरी आधार असता.

पुढची तारीख तीन महिन्यांनी लागली. तेरा माणसांनी ते तीन महिने आत काढले, माझ्या घेरीपायी. हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. तुला माहीत होतं, पण तूही कधी उच्चारलं नाहीस. त्याबद्दल मी तुझे आभार मानू की तुझ्यावर चिडू, मला खरंच कळत नाही.

मग ताप आला. साधा ताप, डेंग्यू निघाला. गल्लीत दहा जणांना झाला आणि दहाही जण बरे होऊन फिरतायत. तुझ्या पेशी उतरतच गेल्या. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तू मला जवळ बोलावलंस. "आक्का, त्या आरोपींच्या वकीलबाईंना बोलाव. इथंच लिहून घेऊ दे त्यांना. माझ्या हातानं लिहिता येत नाही, नाहीतर मीच लिहिलं असतं."

मी काय म्हटलं आठवतं? "आधी ताप उतरू दे. तारखेला अजून बारा दिवस आहेत."

तू मान वळवलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

तुला अग्नी दिला त्याच्या चौथ्या दिवशी मी घराबाहेर पडले. सुनंदा म्हणाली, वन्सं, सुतकात कुठं निघालात? मी म्हटलं, माझं तीन दिवसांचं, मी दिल्या घरची. त्या वकीलबाईंचा पत्ता शोधून काढला. लहानच आहे पोरगी, माझ्या मुलीएवढी. मी तिला सगळं सांगितलं. झाड, पाला, रांगणारं पोर, डावा अंगठा. माझी घेरीसुद्धा सांगितली. ती लिहून घेत होती, मग तिनं पेन खाली ठेवलं.

"मावशी, तुम्ही स्वतः पाहिलेलं नाही ना?"

"माझ्या भावानं सांगितलंय मला. तो खोटं बोलत नव्हता."

"मला पटतंय. पण कोर्टात ही ऐकीव गोष्ट झाली. भावाच्या सहीची एक चिठ्ठी जरी असती, मोबाईलवर एखादं रेकॉर्डिंग जरी असतं... आता तो अंगठ्याचा कागद तेवढा राहिला. आणि ज्याचा अंगठा आहे, त्याला मी आता काही विचारूच शकत नाही."

मी तुझ्या घरी येऊन तुझं कपाट उचकलं. खिसे तपासले, डायऱ्या पाहिल्या, तुझा मोबाईल तुझ्या मुलाकडून उघडून घेतला. मोबाईलात नातवाचे फोटो, मिसळीचे फोटो आणि माझी ती क्लिप. ठेवली होतीस तू. माझं तोंड केवढं मोठं दिसतं रे त्यात.

आणि काल तारीख होती. मी गेले. तुझे दाजी नको म्हणत होते, त्यांना म्हटलं, दळण तुम्ही बघा. कोर्टात मी कधी गेले नव्हते. मला वाटलं होतं, मोठा हॉल असेल. छोटीशी खोली, पंखा, बाकडी. तेरा जणांना आणलं होतं. देवराम कोणता ते मला कळलं नाही, सगळेच सारखे वाळलेले. चिंतामणबाबा मात्र वयावरून ओळखू आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, बाजूच्या माणसाचा दंड धरून बसले होते. ज्यांना मी टीव्हीवर फासावर द्या म्हटलं होतं, ती माणसं माझ्यापासून दोन बाकं मागं बसली होती आणि त्यांना मी कोण हे ठाऊकही नव्हतं.

शिपायानं दारात उभं राहून तुझ्या नावाचा पुकारा केला. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. इतक्या मोठ्यानं तुझं नाव मी शाळेतल्या हजेरीनंतर ऐकलं नव्हतं. सरकारी वकील उठून म्हणाले, साक्षीदार मयत आहे, दाखला जोडलाय. आणि मी उभी राहिले. मी ठरवलं नव्हतं, पाय आपोआप उभे राहिले.

"साहेब, मला सांगायचंय. मी त्याची बहीण."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. वाईट माणूस नव्हता, आवाज शांत होता.

"घटनेच्या वेळी तुम्ही तिथं होतात का?"

"नाही साहेब, पण माझ्या भावानं..."

"मग बसा, बाई."

मी बसले, दत्तू. जन्मात मी कुणाचं ऐकून गप्प बसले नाही, तिथं बसले. कारकुनानं काहीतरी लिहिलं, पुढची तारीख पडली, दुसरं प्रकरण पुकारलं गेलं. मागं चिंतामणबाबा शेजारच्याला विचारत होते, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून जरा मोठ्यानंच.

"तो हवालदार आला का रं? पाला टाकायला सांगितला तो?"

"नाय बाबा. मेला तो."

पोलीस बाबांना उठवायला आले तेव्हा त्यांनी तोंड वर केलं, नेमकं माझ्या दिशेनं, पण त्यांना मी दिसत नव्हते.

"मंग आता कोन सांगंल?"